हातमोजा शाबूत, तरी हाताची आग का?



पेडणे-डिचोलीच्या काजू बागायतींत पालवी-मोहोर आला, की ढेकण्यावर फवारणी सुरू होते. मग आम्हांला हमखास विचारतात, ‘हातमोजा कुठे फाटला नाही, तरी हात चुरचुरतो कसा?’ याचे उत्तर आज पाहू.

बाटलीवर ‘ई.सी.’ लिहिलेले असेल, तर आतले कीटकनाशक तेलकट द्रावकात विरघळवलेले असते. म्हणूनच पाण्यात ओतताच ते दुधासारखे दिसते. हा द्रावक प्लास्टिकात शिरू शकतो.

अर्धवट शिजलेले शीत चिरडून पाहा. बाहेर मऊ, आत कडक कणी. पाणी पोचले तेवढाच भाग फुगलेला असतो. थर्मोकोलचे पॉलिस्टायरीन किंवा अ‍ॅक्रिलिक अशा कडक प्लास्टिकातही हेच घडते. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या थिजलेल्या असतात. त्याला मानवणारा द्रावक वरच्या साखळ्या सैल करतो, तो थर फुगून मऊ होतो आणि पुढच्या थराची वाट मोकळी होते. मऊ आणि कडक भागांतली सीमा एकाच गतीने आत सरकते. १९६६ साली आल्फ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाल वेगळी करून दाखवली. साध्या झिरपण्यात दुप्पट खोलीला चौपट वेळ लागतो, इथे दुप्पटच. सीमा पलीकडे पोचेपर्यंत बाहेरून फारसे काही कळत नाही.

रबराच्या साखळ्या तर मुळातच सैल. त्यामुळे न मानवणाऱ्या हातमोज्यातून द्रावक भोक न पाडता पार होतो आणि औषधालाही सोबत नेतो.

म्हणून एवढे पाळावे:

१. पातळ पिशवी हाताला गुंडाळू नये. लेबलावर सांगितलेले, शक्यतो नायट्राइलचे जाड हातमोजे वापरावेत. मोजा फुगला, चिकट किंवा मऊ झाला की टाकून द्यावा.

२. औषध मूळ बाटलीतच ठेवावे. ती बाटली त्या द्रावकाचा विचार करून निवडलेली असते. पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटलीत ओतले, तर मुलांच्या जिवाशी खेळ होतो.

३. अंगावर सांडल्यास कपडे लगेच काढून साबणाने भरपूर धुवावे.

४. पोटात गेल्यास उलटी करवू नये; द्रावक फुप्फुसात शिरू शकतो. लेबलासह रुग्णाला त्वरित इस्पितळात न्यावे.

मोजा फाटलेला नाही, एवढ्यावर विसंबू नका. काम संपताच हात धुवा, मगच घासाला हात लावा.