पौल ह्या नांवाचा अभ्यास

बाप्तिस्म्याचा दिवस ठरला कीं पुष्कळ खेड्यांतील मंडळ्यांत पहिला प्रश्न निघतो तो नांवाचा. उमेदवाराचें नांव खंडू किंवा विठाबाई असलें, तर कोणी वडील म्हणतात, "शौलाचा पौल झाला; मग ह्यानें जुनें नांव कां ठेवावें?" ह्यापायीं कित्येक घरांत रडारड होते, आणि म्हाताऱ्या आईला आपल्याच मुलाला हाक मारणें जड जातें. तेव्हां शास्त्र खरोखर काय सांगतें हें पाहणें अगत्याचें आहे. वाचकांनीं पवित्र शास्त्र उघडून जवळ घ्यावें.

दिमिष्काच्या वाटेवर प्रभूनें त्याला दोनदां हाक मारिली ती शौल ह्याच नांवानें (प्रे. कृ. ९:४). तीन दिवसांनीं हनन्यानें त्याच्यावर हात ठेविले, तेव्हां त्यानेंही त्याला भाऊ म्हणून शौल असेंच संबोधिलें (९:१७). आणि लगेच बाप्तिस्मा झाला. नवें नांव दिल्याचा एक शब्दही तेथें नाहीं. पुढें बऱ्याच वर्षांनीं अंत्युखियाच्या मंडळींत पवित्र आत्मा बोलला, तेव्हांही त्यानें बर्णबा व शौल हींच नांवें घेतलीं (१३:२). आत्म्यानें ज्या नांवानें बोलाविलें, तें टाकाऊ होतें असें कोण म्हणेल? अब्राम व शिमोन ह्यांना नवीं नांवें मिळालीं खरीं. पण तीं देवानें व प्रभूनें स्वतः दिलीं, मंडळीच्या वडिलांनीं नव्हे.

पौल हें नांव आपल्या प्रेषिताला लाविलेलें प्रथम आढळतें तें कुप्र बेटांत, सुभेदार सिर्ग्य पौल ह्याच्यापुढें (१३:९). शौलाला पौलही म्हणत, एवढेंच लूक सांगतो. प्राचीन पंडित जेरोम ह्याचें मत असें कीं, सुभेदार विश्वासांत आला म्हणून प्रेषितानें त्याचें नांव घेतलें. मला तें पटत नाहीं. पौल जन्मतःच रोमी नागरिक होता (२२:२८), आणि रोमी नागरिकाला लातिनी नांव असावयाचेंच. घरीं व सभास्थानांत शौल, परराष्ट्रीयांत पौल, अशीं दोन्ही नांवें तो लहानपणापासून वागवीत असला पाहिजे. कुप्रापासून त्याचें काम विदेशी लोकांत वाढलें, म्हणून लूकही तेथून पुढें पौल असेंच लिहितो.

आतां अर्थाकडे वळूं. पौलुस हा लातिनी शब्द असून त्याचा अर्थ लहान, धाकटा. आपल्याकडे लहानू म्हणतात, तसेंच. मराठींतील पाऊल ह्या शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. प्रेषित पुष्कळ चालला, ती गोष्ट निराळी! रोमी लोकांत हें आडनांवासारखें चाले. एमिल्य कुळांतील एक पौलुस इ.स.पू. २१६ त कान्नाईच्या रणांत पडला. त्याच्या मुलानें इ.स.पू. १६८ त पिद्ना येथें मासेदोनियाच्या राजाचा मोड केला. त्याच मासेदोनियांत दोनशेंहून अधिक वर्षांनीं दुसरा पौल तलवारीवांचून आला, आणि फिलिप्पैत त्यानें छड्यांचा मार व बंदिवास सोसला (१६:२२-२४). शौल हें नांव मात्र बन्यामीन वंशांतील त्या राजाचें, जो साऱ्या लोकांत खांद्यापासून वर उंच होता (१ शमु. ९:२). उंचाचें नांव व लहानाचें नांव एकाच माणसाला! तथापि उपदेशकांनीं ह्यावर फार ताण देऊं नये. प्रेषित स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो तें मंडळीचा छळ केल्यामुळें (१ करिंथ. १५:९), नांवाच्या अर्थामुळें नव्हे.

हें नांव ज्या देशीं गेलें त्या देशाचें झालें. इटलींत पाओलो, स्पेनांत पाब्लो, रशियांत पावेल, हंगेरींत पाल. अरबींत 'प' नाहीं म्हणून बूलुस. हिंदींत पौलुस, केरळांत पौलोस. स्त्रियांत पौला व पौलीना. ब्राझिलांत १५५४ त वसलेलें साओ पाउलो शहर ह्याच प्रेषिताच्या नांवाचें आहे.

आणखी एक गोष्ट. अपुल्लोस हें नांव ग्रीकांच्या अपोल्लो देवावरून, एपफ्रदीत हें अफ्रोदिती देवीवरून आलेलें; फीबी हेंही त्यांच्या पुराणांतील एका देवीचें नांव. पौलानें ह्यांपैकीं कोणाचें नांव बदलल्याचें दिसत नाहीं; फीबीला तर तो आपली बहीण म्हणतो (रोम. १६:१). आपल्या प्रांतांत बाबा पदमनजी १८५४ त व नारायण वामन टिळक १८९५ त बाप्तिस्मा घेऊन बाबा व नारायणच राहिले. उलट नीळकंठशास्त्री गोरे १८४८ त नहेम्या झाले. दोन्ही प्रकार मंडळीनें मानिले आहेत.

आईबापांनीं हौसेनें मुलाचें नांव पौल ठेविलें तर चांगलेंच. पण खंडूवर सक्ती होत असेल, तर उपदेशकानें त्या वडिलांजवळ बसून आधीं प्रे. कृ. १३:२ वाचून दाखवावें, आणि मग नोंदवहींत खंडू स्वतः सांगेल तें नांव लिहावें.