प्रश्नावली असताना तंबू कशाला?

प्रश्न : माझी मुलगी मानवशास्त्र शिकते. ती म्हणते, एखादा समाज समजून घ्यायचा तर वर्ष-दीड वर्ष त्या लोकांत जाऊन राहावं लागतं. चार दिवसांत प्रश्नावली भरून घेता येत असताना एवढा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खटाटोप करावाच लागतो, कारण नेमकं काय विचारायचं, हेच बाहेरून आलेल्या माणसाला आधी माहीत नसतं.

मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लॉ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात दोनदा न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर जाऊन दीर्घकाळ राहिले. ओमाराकाना गावात त्यांनी तंबू ठोकला, तिथली भाषा शिकून घेतली. तंबूतून बाहेर पाऊल टाकलं की स्वयंपाक, भांडणं, आजारपणं, कामाला निघालेली माणसं, सगळं समोरच.

त्या बेटांवर ‘कुला’ नावाची देवाणघेवाण होती. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत आणि शंखाची पांढरी कडी उलट दिशेने. त्यासाठी लोक होड्या घेऊन खुला समुद्र ओलांडत. हाती आलेली माळ काही काळ जवळ ठेवायची आणि पुढच्या भागीदाराला द्यायची. आपल्याकडच्या शाळेतल्या फिरत्या ढालीसारखंच हे. ढाल परत जाते, मान राहतो.

‘या माळेची किंमत किती?’ असं प्रश्नावलीत विचारलं असतं, तर प्रश्नच चुकला असता. त्याच सफरीत साध्या वस्तूंचा सौदाही होई, घासाघीस करून. त्याला ‘गिमवाली’ म्हणत. कुलामध्ये कुणी हिशेबीपणा केला, की लोक टोमणा मारत : हा कुला गिमवालीसारखा करतो! बाजार कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होतो, हे त्या टोमण्यात आहे. तो कानावर पडायचा, तर तिथे राहायलाच हवं. या पद्धतीला सहभागी निरीक्षण म्हणतात. १९२२ साली आलेल्या मालिनोव्स्कींच्या ग्रंथाने ती रुजवली.

दुसऱ्याची रीत आधी त्याच्याच मापाने समजून घ्यायची, हे या शास्त्राचं पथ्य आहे. पण समजून घेणं म्हणजे सगळ्याला मान डोलावणं नव्हे. आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या. वाट एक, अभंग एक, विठोबा एक. तरी एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका वेगवेगळा स्वयंपाक करून वेगवेगळ्या जेवत होत्या. इरावतीबाईंनी वारीतला आनंद लिहिला आणि या फाळणीचं दुःखही लिहिलं. ‘वारीत जातिभेद आहे का?’ असं नुसतं विचारलं असतं, तर हे दोन्ही एकत्र क्वचितच हाती लागलं असतं. लोक सांगतात ते आणि करतात ते, दोन्ही पाहावं लागतं.

मुलीचं म्हणणं पटतं का, ते घरीच पाहा. जुन्या लग्नातली आहेराची वही काढा. कुणी काय दिलं, त्याची परतफेड कधी आणि कशी झाली, कुणाचा मान राहिला, कोण रुसलं, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना विचारा आणि मधे न बोलता ऐका. वहीत आकडे सापडतील. त्यांचा अर्थ त्या बाईंच्या बोलण्यात सापडेल.