आप्पांची मिरची आणि माझा रेझिस्टर

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंधाला दहापैकी पाचाच्या वर मार्क कधी पडले नाहीत. तरीही मराठी विभागासाठी लिहायला बसलोय, कारण हा विषय आमच्या घरी मराठीतच निघाला आणि त्यावरून भांडणही मराठीतच झालं. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.

सुरुवात फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये झाली. ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी आणि सिरीजमध्ये १ किलो-ओहमचा रेझिस्टर. शेंबडं पोरही करेल असं सर्किट. १ किलो-ओहमचे पट्टे तपकिरी, काळा, लाल. १०० ओहमचे तपकिरी, काळा, तपकिरी. मी डब्यातून १ किलो समजून १०० ओहमचा उचलला. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. म्हणजे ७ मिलीअँपिअर जायला हवे होते तिथे ७० गेले. एलईडी क्षणभर लख्ख पेटला आणि कायमचा विझला. असे मी तीन एलईडी मारले. तिसऱ्या वेळी लॅब पार्टनर वैतागून म्हणाला, "अरे, हा पट्टा तुला लाल दिसतो?" खरं सांगायचं तर मला दोन्ही पट्टे सारखेच दिसत होते.

सरांनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक काढलं. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी आजही जगभर चालते. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, मलाही दिसला. पुढच्या पानांवर मी फक्त ठिपके बघत बसलो. डॉक्टर म्हणाले, "लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. जन्मापासूनचा." आणि लगेच विचारलं, "तुझ्या आईच्या वडिलांना होता का?"

मी चक्रावलो. माझे बाबा, काका सगळे सोडून हे एकदम आईच्या वडिलांवर कसे गेले? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा लेख.

डाल्टनचे डोळे

अणुसिद्धान्तवाला जॉन डाल्टन आपल्याला केमिस्ट्रीत भेटलेला आहे. तो स्वतः रंगांधळा होता. एक गुलाबी फूल त्याला दिवसा निळसर दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल. इतरांना असा काही फरक दिसत नव्हता, फक्त त्याच्या भावाला दिसत होता. १७९४ साली त्याने मँचेस्टरमध्ये यावर निबंध वाचला. हे दोघा भावांत आहे म्हणजे घराण्यातून आलेलं असणार, एवढा धागा तिथेच हाती लागतो.

डाल्टनला वाटायचं की आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा. मेल्यावर डोळे तपासा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये तो वारला, डोळा उघडून पाहिला, तर द्रव स्वच्छ निघाला. पण डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले, आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की हिरव्याच्या आसपासचा प्रकाश टिपणाऱ्या पेशींचं जनुक त्याच्याकडे नव्हतंच. दीडशे वर्षांनी आलेला रिपोर्ट!

वडिलांकडे इन्व्हर्टर नाही

१८७६ मध्ये झुरिचचे नेत्रतज्ज्ञ होर्नर यांनी रंगांधळ्या लोकांची घराणी तपासून एक नियम मांडला. हा गुण आजोबांकडून मुलीमार्फत नातवाकडे जातो आणि त्या मुलीला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात. का, ते त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. मेंडेलचा वाटाण्यांवरचा पेपर १८६६ लाच छापून आला होता, पण १९०० पर्यंत त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९१० मध्ये टी. एच. मॉर्गन यांना प्रयोगशाळेतल्या लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याच्या पिढ्या वाढवल्यावर दिसलं की डोळ्यांचा रंग एक्स गुणसूत्राला बांधलेला आहे. १९११ मध्ये ई. बी. विल्सन यांनी दाखवून दिलं की माणसाचा रंगांधळेपणाही याच हिशोबाने चालतो.

हिशोब असा. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. लाल आणि हिरवा ओळखणारी दोन जनुकं एक्सवर शेजारी शेजारी बसलेली आहेत. वायवर ती नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर बाईकडे मेन सप्लायबरोबर इन्व्हर्टर आहे. एका एक्सवरचं जनुक बिघडलं तरी दुसरा एक्स काम चालवतो. अशा बाईला वाहक म्हणतात. पुरुषाचं कनेक्शन एकच, लाइट गेली की अंधार. (ही उपमा शंभर टक्के बरोबर नाही. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो, पण डोळ्याच्या पडद्यावर दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असल्याने काम भागतं.)

ही दोन जनुकं एकमेकांसारखी इतकी आहेत की बीजांड तयार होताना दोन एक्समध्ये देवाणघेवाण होते तेव्हा त्यांची जुळणी चुकते. मग कुठे एखादं गळतं, तर कुठे दोघांचं मिळून भलतंच तिसरं तयार होतं. म्हणून हा प्रकार एवढा सर्रास आढळतो.

वंशावळ दोन प्रकारची

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी तक्ता काढायला बसलो. नियम सोपे आहेत. पुरुष चौकोन, बाई गोल. ज्याच्यात गुण दिसतो त्याचा आकार भरायचा, वाहक बाईच्या गोलात मधे टिंब द्यायचं. नवरा-बायको आडव्या रेषेने जोडायचे, मुलं खाली. ज्याच्यापासून शोध सुरू झाला त्याला बाण. बाण अर्थातच मला.

बाबांनी कौतुकाने कपाटातली वंशावळ काढून दिली. अकरा पिढ्या! पण त्यात एकाही बाईचं नाव नाही. बापाखाली मुलगा, त्याखाली त्याचा मुलगा. आणि गंमत बघा, बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो. म्हणजे त्या अकरा पिढ्यांच्या कागदावर एक्स गुणसूत्र एका ओळीवरून खालच्या ओळीवरही सरकत नाही. मला हवा असलेला रस्ता नेमका न लिहिलेल्या नावांमधून जात होता.

म्हणून मग आईच्या आईला, म्हणजे माईला फोन लावला. आप्पा, आईचे वडील, मी लहान असतानाच गेले. गडहिंग्लजजवळ त्यांची मिरचीची शेती होती. तोडणी कधी करायची ते नेहमी माई सांगायची. गावात कौतुक होतं की बघा, बायकोला विचारल्याशिवाय हा माणूस मिरचीला हात लावत नाही. मी माईला सरळ विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्यांना पानातली लाल मिरची दिसायचीच नाही रे. लग्नानंतर पहिल्या तोडणीलाच मला कळलं. कुणाला बोलू नको म्हणाले. बाजारात लोक फसवतील म्हणून."

आईला हे माहीतच नव्हतं. आप्पांच्या मुलांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

मग तक्ता भराभर भरला. आप्पा भरलेला चौकोन. त्यांचा एकच एक्स, तो प्रत्येक मुलीला जाणारच. म्हणून आई आणि दोन्ही मावश्या नक्की वाहक, तपासायचीही गरज नाही. तिन्ही मामा स्वच्छ, कारण त्यांना आप्पांचा वाय मिळाला. मामांची मुलंही स्वच्छ. "मामांना नाही मग आप्पांकडून आलं कसं?" हा बाबांचा प्रश्न इथेच सुटला. तो मामांच्या वाटेने येऊच शकत नाही.

थोरल्या मावशीला दोन मुलगे. धाकट्याला काही नाही. थोरला दादा काही वर्षांपूर्वी रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची लेखी परीक्षा पास होऊन मेडिकलला बाहेर पडला होता. घरात सगळे म्हणायचे, वशिला नव्हता म्हणून गेला. त्याला तक्ता दाखवला तेव्हा म्हणाला, "मला तिथेच सांगितलं होतं रे, रंग ओळखता येत नाहीत म्हणून. घरी सांगायची लाज वाटली." चार वर्षं त्याने ते मनात ठेवलं होतं. मी दुसरा चौकोन भरला.

कुणाकडून आलं?

इथपर्यंत मी भलताच खूश होतो. रात्री जेवताना तक्ता सगळ्यांसमोर मांडला. बाबांची आई, म्हणजे आमची आजी, चष्मा लावून बघत होती. बघून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे सुनबाईंच्या माहेरचं आलंय म्हणायचं हे."

आई काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली. माझा घास घशातच राहिला. पुरावा मीच काढून दिला होता, तोही चौकोन-गोल करून!

त्या रात्री बराच वेळ विचार केला. तक्ता खोटा नव्हता, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे मी सांगितलंच नव्हतं. सकाळी आजीपाशी बसलो.

पहिली गोष्ट सांगितली ती नाण्याची. आईकडे दोन एक्स, एक आप्पांचा, एक माईचा. मला कुठला जाणार ते नाणेफेकीसारखं. आईने काही निवडलं नाही, तिला माहीतही नव्हतं. मावशीच्या दोघांपैकी एकाला आला, एकाला नाही, ते याचमुळे.

दुसरी गोष्ट ताईची. ताईकडे आईचा एक एक्स आणि बाबांचा एक. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक असली तरी तिला रंग नीट दिसतात, ते कशामुळे? बाबांच्या एक्समुळे. आणि बाबांना एक्स दिला कुणी? आजोबांनी तर त्यांना वाय दिला. "आजी, बाबांचा एक्स तुझ्याकडून आलाय. ताईचा इन्व्हर्टर म्हणजे तू."

आजी तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव कुठाय यात?" मी दाखवलं. "आणि माझ्या आईचं?" ते मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं आणि मी लिहिलं. आईला ती सॉरी वगैरे म्हणाली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. पण दुपारी आईला हाक मारून म्हणाली, "तुझ्या आजीचं नाव काय गं? ह्याला सांग, लिहायचंय." आईने सांगितलं आणि पहिल्यांदाच हसली, "म्हणजे आप्पांना मिरच्या दिसतच नव्हत्या होय!" आप्पांना स्वतःला तो एक्स त्यांच्या आईकडूनच मिळाला असणार. त्या बाईचं नाव आता आमच्या घरात निदान एका कागदावर आहे.

थोडं गणित

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना हा लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असतो. पुरुषाकडे एकच एक्स, म्हणजे त्या समाजातले ८ टक्के एक्स असे. बाईला दोन्ही तसेच मिळायची शक्यता ०.०८ गुणिले ०.०८, म्हणजे ०.६४ टक्के. प्रत्यक्षात आढळतात सुमारे अर्धा टक्का. फरक का? काहींचं लाल जनुक बिघडलेलं असतं, काहींचं हिरवं. एका एक्सवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं बिघडलं तर दोघं मिळून बाईचं काम चालवतात. आणि वाहक बायका दुप्पट ०.०८ गुणिले ०.९२, म्हणजे जवळपास १५ टक्के. सात जणींमागे एक!

माझं पुढे काय? बायको वाहक नसेल तर माझ्या एकाही मुलाला हे होणार नाही, पण माझ्या सगळ्या मुली वाहक असतील. ताईच्या मुलाला होण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, चारात एक. तिच्या लग्नात हे लपवायचं की सांगायचं यावर घरात चर्चा झाली. ताई म्हणाली, "त्यात काय लपवायचंय? रेझिस्टर वाचता येणार नाही एवढंच ना?"

कामाचं

शेवटी होस्टेलवाल्यांसाठी. रेल्वे, मर्चंट नेव्ही, विमान चालवणं, सैन्यातल्या बऱ्याच शाखा यांत रंगदृष्टीची चाचणी असते. फॉर्म भरायच्या आधी स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ती करून घ्या, मेडिकलच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना गाडीचं लायसन्स मिळण्याची तरतूद केंद्र सरकारने २०२० मध्ये केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला रंगांधळ्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांतून वगळू नका असं सांगितलं. दारं हळूहळू उघडत आहेत. मात्र रंग पूर्वी नीट दिसत होते आणि आता दिसेनासे झाले, असं असेल तर ते वंशातलं नव्हे. काही औषधांनी किंवा डोळ्यांच्या आजाराने तसं होतं, तेव्हा लगेच दाखवा.

सरांना एक विनंती. बोर्डावर हिरव्या आणि लाल मार्करने दोन ग्राफ काढलेत तर त्यातला एक तुटक रेषेत काढा. वर्गात माझ्यासारखे आणखी एक-दोन असतील, फक्त ते बोलत नसतील.

मी आता पट्टे वाचत नाही, प्रत्येक रेझिस्टर आधी मल्टिमीटरवर मोजतो. पार्टनर म्हणतो, वेळ लागतो. लागू दे. आप्पा माईला विचारायचे, मी मीटरला विचारतो.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स