लेकरू आजारी पडलं, तर खर्च किती?

रात्री दहाला नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात मेडिकलच्या काउंटरपाशी जरा थांबा. तापाचं औषध घ्यायला आलेला बाप खोकल्याचं सिरप, टॉनिक आणि फळांच्या चवीच्या पेयाचा एक डबाही घेऊन जातो. बिल चारशेच्या घरात. त्यात कामाचं असतं जेमतेम पन्नास-साठचं.

तापाला पॅरासिटामॉल पुरतं. 60 मिलीची बाटली साधारण 40 ते 60 रुपये, डिजिटल थर्मामीटर 150 ते 300. खरी गफलत मापात होते. 10 किलोच्या लेकराला एका वेळी 150 मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर 5 मिलीत 125 लिहिलं असेल तर 6 मिली, 250 असेल तर 3 मिली, आणि थेंबांच्या बाटलीत 1 मिलीत 100 असेल तर फक्त दीड मिली. घरातला चमचा नको, सोबतचं मापच वापरा. दोन डोसांत किमान 4 तास जाऊ द्या, दिवसाला चारच्या वर नको.

जुलाबाला ओआरएस. पुडी वीस-पंचवीस रुपयांची. आशाताईंकडे फुकट मिळते, झिंकच्या गोळ्याही. झिंक 14 दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी. अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाका. अर्धी पुडी ग्लासात हा घोळ नको. उरलेलं 24 तासांनी फेका. पुडीवर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ आहे का तेवढं बघा. नावात ‘ओआरएस’ मिरवणाऱ्या गोड पेयांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. अंगावरचं दूध मात्र चालूच ठेवा.

खोकल्याच्या सिरपचे पैसे वाचवाच. 2025 मध्ये शेजारच्या छिंदवाड्याची लेकरं विषारी सिरपने आजारी पडून नागपूरच्या रुग्णालयांत आली, कित्येक परतलीच नाहीत. त्यानंतर केंद्राने बजावलं: 2 वर्षांखाली खोकला-सर्दीचं औषध नकोच, 5 वर्षांखालीही सहसा नको. वर्ष उलटलेल्या लेकराला अर्धा चमचा मध द्या; वर्षाच्या आत मध अजिबात नको.

बालरोगतज्ज्ञाची फी साधारण 300 ते 500. पण 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप, मिनिटाला 50 च्या वर श्वास (वर्षावरच्याला 40), झटका, सुस्ती, 6 तास लघवी नाही, यांतलं काहीही दिसलं तर फीचा हिशेब करू नका. कामठी रोडने सरकारी मेयो रुग्णालय फार लांब नाही, आणि 108 ची गाडी पैसे घेत नाही.