व्हँकुव्हरची महापालिका निवडणूक: दहा नगरसेवक, यादी एकच

नव्याने आलेली मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?" व्हँकुव्हरमध्ये वॉर्डच नाहीत. १९३६ पासून अख्खं शहर हा एकच मतदारसंघ आहे. पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागाची सवय असलेल्यांचा इथे घोळ होतो. तिथे प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. इथे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले दहा निवडून येतात.

ही यादी लांबलचक असते. २०२२ मध्ये दहा जागांसाठी ५९ जण उभे होते. नावांचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्यामुळे ओळखीचं नाव पटकन सापडत नाही. शिवाय महापौर, पार्क बोर्डाचे सात आणि शाळा मंडळाचे नऊ सदस्यही त्याच दिवशी निवडायचे असतात. म्हणून इथल्या जुन्या घरांमध्ये आदल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर चर्चा करून नावं कागदावर लिहून ठेवतात. तो कागद केंद्रात नेता येतो.

दहा मतं आहेत म्हणून दहाही द्यायलाच हवीत असं नाही. पटलेले चारच असतील, तर चारच खुणा करा. उगाच दिलेलं पाचवं मत तुमच्याच आवडत्या उमेदवाराला मागे टाकू शकतं. याउलट एकाच पक्षाची सगळी नावं निवडणारे मतदार पुष्कळ असतात. २०२२ मध्ये एबीसी पक्षाने सात उमेदवार उभे केले आणि सातही निवडून आले.

या पद्धतीत शहराच्या पूर्व आणि दक्षिण भागाकडे दुर्लक्ष होतं, ही तक्रार जुनी आहे आणि आम्हाला ती रास्त वाटते. तरीही २००४ च्या सार्वमतात मतदारांनी वॉर्ड नाकारले. तेव्हा रस्त्याचा किंवा वाचनालयाचा प्रश्न असेल, तर एकाला नव्हे, दहाही जणांना पत्र लिहा. ते सगळे तुमचेच आहेत.

मतदानासाठी कॅनडाचं नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण आणि प्रांतात सहा महिन्यांचं वास्तव्य लागतं. पीआर (कायम रहिवासाचा परवाना) असलेल्यांना मत नाही, पण नगरसेवकांच्या परिषदेपुढे बोलता येतं. ती संधी घ्या. यादीत नाव नसलं, तरी ओळखपत्रं दाखवून केंद्रावरच नोंदणी होते. शहरातलं कुठलंही केंद्र चालतं. एप्रिल २०२५ च्या पोटनिवडणुकीत लांबच लांब रांगा लागल्या होत्या, म्हणून आगाऊ मतदानाचा दिवस गाठा. मुख्य मतदान १७ ऑक्टोबर २०२६ ला, शनिवारी आहे.