दिलेले वस्त्र, परत केलेली वस्तू आणि आपली जबाबदारी



कुरआनच्या सूरह अल-बकरहमधील 267 व्या आयतीत श्रद्धावंतांना दानाविषयी एक सूक्ष्म समज दिली आहे. आपल्या चांगल्या कमाईतून खर्च करा. आणि जी वस्तू कोणी तुम्हाला दिली तर तुम्ही स्वतः डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, अशी निकृष्ट वस्तू अल्लाहच्या मार्गात देण्यासाठी निवडू नका, असा तिचा आशय आहे. मदीनेत खजुराच्या हंगामात गरजूंसाठी मस्जिदीत घड टांगून ठेवले जात. काही लोक त्यांत खराब झालेले घड आणून टांगू लागले. त्या प्रसंगी ही आयत अवतरली, असे हदीसग्रंथांत नमूद आहे.

आज खजुराच्या घडाची जागा जुन्या कपड्यांच्या गाठोड्याने घेतली आहे. ईदपूर्वी कपाट आवरताना जे नको ते एका पिशवीत भरले जाते आणि ‘सदका केला’ या समाधानाने आपण मोकळे होतो. दुसरीकडे, मोबाईलवरून मागवलेला पोशाख मनास आला नाही की एका बोटाने तो परत पाठवतो. दोन्ही प्रसंगी वस्तू आपल्या दारातून बाहेर पडते आणि आपल्या दृष्टीने संपते. परंतु खरोखर ती संपते काय?

परत केलेली खरेदी

इस्लामी शरीअतने खरेदी परत करण्याचा विचार फार बारकाईने केला आहे. मालात लपलेला दोष निघाला तर तो परत करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यास ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, अशी कठोर ताकीद दिली. देशाचा कायदाही याच बाजूस आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावून आपल्या दुकानदार बांधवांना सदोष मालाची जबाबदारी टाळता येणार नाही.

माल निर्दोष असेल आणि ग्राहकास केवळ पश्चात्ताप झाला असेल, तर तो परत घेणे ही विक्रेत्याची उदारता आहे. तिला ‘इकाला’ म्हणतात. जो असा सौदा मोडून देतो, त्याच्या चुका अल्लाह कयामतच्या दिवशी माफ करील, अशी शुभवार्ता अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आली आहे. विक्रेत्याने स्वतःच परतीची मुदत दिली असेल, तर ती कराराची अट होय आणि तिचा लाभ घेण्यात गैर काही नाही.

परंतु प्रामाणिकपणा ग्राहकासही बंधनकारक आहे. लग्नात एक दिवस मिरवून, चिठ्ठी पुन्हा लावून ‘वापरला नाही’ असे सांगत पोशाख परत करणे ही ओल्या धान्याचीच दुसरी बाजू आहे. परत गेलेला माल पुन्हा तपासावा लागतो. जो नव्याप्रमाणे विकता येत नाही, तो घाऊक गठ्ठ्यांत कवडीमोलाने निघतो किंवा कचऱ्यात जातो. जगात तर न खपलेला नवा मालही नष्ट केला जातो. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात 2.8 कोटी पौंडांहून अधिक किमतीचा माल नष्ट केल्याचे 2018 साली उघड झाले. टीकेनंतर तिने ही पद्धत बंद केली. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने सैतानाचे बंधू म्हटले आहे, त्याचा अर्थ येथे उमगतो.

दिलेले कपडे कोठे जातात?

आपल्या आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत. उरलेले कपडे बोहारीण भांड्यांच्या मोबदल्यात नेई. हा व्यवहार दान नसून व्यापार आहे, आणि वैध आहे. मात्र त्या कष्टकरी स्त्रीशी एका वाटीसाठी तासभर घासाघीस करणे शोभणारे नाही. ती कपडे निवडते, दुरुस्त करते आणि धडके कपडे पुन्हा विकले जातात. फाटक्या सुती कपड्यांच्या यंत्रे पुसण्यासाठी चिंध्या होतात. लोकरीचे कपडे हरियाणातील पानिपत येथे रंगानुसार वेगळे करून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढले जाते आणि त्याची स्वस्त कांबळी विणली जातात.

पण सर्वच कपड्यांच्या नशिबी असा उपयोग नसतो. श्रीमंत देशांनी टाकलेल्या आणि न खपलेल्या कपड्यांचे ढिगारे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात पडले आहेत. आपल्या देशात डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेले जुने कपडे रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण पाठवणाऱ्यांनी घेणाऱ्याची गरज विचारलीच नव्हती. ‘गूँज’ या संस्थेने पुढे त्यांतील बरेच कपडे उचलून, निवडून उपयोगात आणले.

आपल्या दाराशी

आता पाटोद्याकडे पाहा. पावसाळा सरला की बालाघाटच्या या डोंगराळ तालुक्यातून ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पहाटेच्या दवात तोडणी सुरू होते. उसाच्या पात्याची धार हात कापते, म्हणून स्त्रिया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. रात्री कोपीत थंडी असते आणि सोबत लहान मुले असतात. अशा माउलीस जरी उसवलेला लग्नाचा पोशाख देऊन काय उपयोग? तिला हवा आहे जाड, धडका सदरा, मुलांसाठी स्वेटर आणि एक उबदार गोधडी. तुमच्या कपाटात हे सारे असू शकते. फक्त टोळी निघण्यापूर्वी विचारपूस केली पाहिजे.

एका स्त्रीने स्वतः विणलेली चादर प्रेषितांना (स.) भेट दिली. त्यांना तिची गरज होती. तरीही एका सोबत्याने मागताच त्यांनी ती काढून दिली. नको असलेली वस्तू देणे आणि हवी असलेली देणे, यांतील अंतर या घटनेवरून मोजावे.

काही सूचना

कपडा धुऊन, गुंड्या व चेन लावून, घडी घालून द्या. जो तुम्ही आपल्या भावास देण्यास संकोचाल, त्याचे पायपुसणे करा, सदका नव्हे. जुने कपडे जकातीत धरायचे असतील, तर हनफी मतानुसार त्यांची किंमत आजच्या बाजारभावाने धरावी, खरेदीच्या भावाने नव्हे, आणि ते पात्र व्यक्तीच्या मालकीचे करून द्यावेत. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. ऐच्छिक सदका मात्र कोणत्याही धर्माच्या गरजूस देता येतो. देताना छायाचित्र काढू नका. उपकार दाखवल्याने व मन दुखावल्याने सदका वाया जातो, असे कुरआनने बजावले आहे. आणि सर्वांत आधी, कमी विकत घ्या. गरजेपुरते घेणाऱ्यास परत करण्याची वेळ क्वचितच येते.

वस्तू आपल्या हातून सुटली तरी तिचा हिशेब सुटत नाही. म्हणून या ईदला कपाट उघडाल, तेव्हा प्रत्येक कपड्यास एकच प्रश्न विचारा: हा मला कोणी दिला असता, तर मी डोळे उघडे ठेवून घेतला असता काय?

अल्लाह आम्हा सर्वांना व्यवहारात सचोटी आणि दानात शुद्ध हेतू प्रदान करो. आमीन.