पंधरा नोंदी, सातशे अक्षरे: अमेरिकेतल्या मेडिकल अर्जात आपली कामे लिहिताना

भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० गुणांवर ठरतो. मुलाने सुटीत काय केले, कोणाची सेवा केली, हे तिथे कोणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज ॲमकास या सामायिक अर्जव्यवस्थेमार्फत जातो आणि त्यात नोकऱ्या व उपक्रमांचा वेगळा विभाग असतो. जास्तीत जास्त १५ नोंदी. प्रत्येकीला प्रकार, तारखा, तास, खातरजमा करू शकेल अशा व्यक्तीचे नाव आणि मोकळ्या जागा धरून ७०० अक्षरांचे वर्णन. त्यातल्या तीनपर्यंत नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात. त्यांना आणखी १,३२५ अक्षरे मिळतात.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी घरांत या विभागावर दोन गोष्टी हमखास घडतात. पदके आणि प्रमाणपत्रे पुढे येतात आणि मुलाने खरोखर घाम गाळलेली कामे मागे राहतात. पुढची यादी त्यासाठीच आहे.

करावे: पगारी नोकरी ठळकपणे लिहावी. किराणा दुकानातले काउंटर, हॉटेलातले वाढपीकाम, कॅम्पसवरचे ग्रंथालय, काहीही. ‘डॉक्टर व्हायचंय आणि कॅशियर म्हणून काय लिहितोस’ असे घरी कोणी म्हणाले तरी लिहावी. वैद्यकीय नसलेल्या पगारी कामासाठी ॲमकासमध्ये स्वतंत्र प्रकार आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास उभे राहून काम केले असेल, तर त्या सत्रातली श्रेणी वाचणाऱ्याला हे कळायलाच हवे. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलणे तिथेच शिकता येते आणि पुढे ओपीडीत तेच लागते.

करावे: घरातली शुश्रूषा लिहावी. आजीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेले, तिची औषधे सांभाळली, डॉक्टरचे बोलणे तिला मराठीत समजावले, तर ते काम आहे. ‘घरच्यांचं केलं ते काय सांगायचं’ या संकोचाने चांगली मुले आपली सर्वांत खरी नोंद गाळतात. ती गाळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तास अंदाजाने पण सचोटीने द्यावेत. हे काम पाहिलेली घराबाहेरची कोणी व्यक्ती असेल तर संपर्कासाठी तिचे नाव द्यावे.

टाळावे: संस्थेची महती. ‘हे ६०० खाटांचे नामांकित रुग्णालय असून’ अशा सुरुवातीत शंभर अक्षरे जातात आणि अर्जदार अजून दारातच उभा असतो.

करावे: पहिल्याच वाक्यात आपण काय केले ते सांगावे. ‘रुग्णसेवेची अमूल्य संधी मिळाली आणि सहानुभूतीचे महत्त्व उमगले’ हे वाक्य कोणाच्याही अर्जात बसते. त्याऐवजी असे काही लिहिता येईल: ‘शनिवारी रात्री वॉर्डात बेल वाजली की आधी मी जात असे. पाणी, चादर, उशी मी देई. वेदना किंवा औषधाची गोष्ट असली की नर्सला बोलावत असे. कोणती बेल थांबू शकते आणि कोणती नाही, हे हळूहळू कळू लागले.’ यात सहानुभूती हा शब्द कुठेच नाही, तरी ती वाचणाऱ्याला दिसते. आपली मर्यादा ओळखणारा माणूसही दिसतो, आणि निवड समितीला तोच हवा असतो.

टाळावे: भारतातल्या मामाच्या हॉस्पिटलातले पराक्रम. यावर थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्याकडे ही चूक मायेपोटी होते. मुलगी सुटीत सांगलीला किंवा नाशिकला जाते. मामा सर्जन असतात. ते कौतुकाने तिला ओटीत उभी करतात, कधी टाके घालू देतात, कधी इंजेक्शन देऊ देतात. घरी सगळ्यांना वाटते की अर्जात हे सोन्यासारखे दिसेल. प्रत्यक्षात ते घातक ठरते. परदेशात रुग्णसेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ॲमकास चालवणाऱ्या एएएमसी या संस्थेचीच मार्गदर्शक तत्त्वे आहेत: जे करण्याचे प्रशिक्षण नाही, ते रुग्णावर करू नये. अमेरिकेत जे करू दिले नसते ते गरीब रुग्णावर केले, असाच अर्थ वाचणारा काढतो, आणि तो चुकीचा नाही. रुग्णाचा देह कुठल्याही देशात सरावासाठी नसतो.

मामांकडे पाहायला जावे, जरूर जावे. फक्त निरीक्षण केले असेल तर निरीक्षण म्हणून लिहावे, डॉक्टर नातेवाईक आहेत हे लपवू नये, आणि शॅडोइंगची, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून निरीक्षण करण्याची, तीच एकमेव नोंद राहू देऊ नये. इथल्या एखाद्या फॅमिली डॉक्टरकडचे तासही हवेत, कारण शिकायचे आणि काम करायचे ते इथल्या व्यवस्थेत.

करावे: शॅडोइंग एका नोंदीत बांधावे. चार डॉक्टर, चार शाखा, प्रत्येकाचे तास. चार वेगळ्या नोंदी करून जागा अडवू नये.

टाळावे: रुग्णाची ओळख. नाव तर नाहीच. पण छोटे गाव, दुर्मीळ आजार आणि वय एकत्र आले तरी माणूस ओळखता येतो.

करावे: तासांची नोंदवही आजपासून ठेवावी. तारीख, किती तास, काय केले, एखादा प्रसंग. दोन वर्षांनी हे आठवत नाही आणि मग आकडे फुगतात. वाचणारे गुणाकार करतात: आठवड्याला दहा तास, वर्षाचे चाळीस आठवडे, म्हणजे ४००. तिथे १,२०० लिहिले असतील तर मुलाखतीत प्रश्न येतोच. पुढे करायचे असलेले तास ॲमकासमध्ये वेगळे दाखवता येतात. ते झालेल्या तासांत मिसळू नयेत.

टाळावे: पंधराचा हट्ट. दहा भक्कम नोंदी पुरेशा आहेत. एका दिवसाचे रक्तदान शिबिर आणि दोन तासांचे वेबिनार यांनी उरलेल्या जागा भरल्या की भक्कम नोंदीही पातळ दिसतात. हायस्कूलमधले उपक्रमही सोडावेत; कॉलेजात तेच पुढे चालू ठेवले असतील तरच घ्यावेत.

करावे: मराठीपणातून आलेली कामे वाचणाऱ्याला कळतील अशी लिहावीत. ‘सांस्कृतिक कार्यक्रमांत सहभाग’ यातून काहीच कळत नाही. ढोल-ताशा पथकात किती वादक होते, नव्या मुलांना ताल कोणी शिकवला, गणपतीच्या मिरवणुकीआधी किती रविवार सराव झाला, ते लिहावे. रविवारच्या मराठी शाळेत तीन वर्षे शिकवले असेल तर ते अध्यापन आहे; तसेच नोंदवावे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबल्याची परीक्षा दिली असेल तर ती काय असते हे एका वाक्यात सांगावे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. तिथे दोन दिवस नोंदणीच्या टेबलावर बसणे ही स्वतंत्र नोंद होत नाही, पण वर्षभर त्या समितीत राबला असाल तर नक्कीच होते.

टाळावे: ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणजे सर्वांत नामांकित असे समजणे. मोठ्या प्रयोगशाळेतल्या आठ आठवड्यांपेक्षा हॉस्पिसमधली दोन वर्षे अनेकदा अधिक सांगतात. जिथे आपला विचार बदलला ते निवडावे. १,३२५ अक्षरांत आधीच्या ७०० ची उजळणी नको. तिथे एक प्रसंग आणि त्यानंतर आपण काय वेगळे करू लागलो, एवढे पुरते.

करावे: संशोधनात आपला वाटा नेमका सांगावा. नमुने तयार केले की आकडेमोड केली? शोधनिबंध अजून फक्त पाठवला असेल तर ‘प्रकाशित’च्या रकान्यात घालू नये, संशोधनाच्या नोंदीतच तसा उल्लेख करावा.

करावे: ज्यांचे नाव संपर्कासाठी दिले त्यांना आधी कळवावे. कॉलेज त्यांना विचारू शकते.

टाळावे, आणि हे आईवडिलांसाठी: मुलाच्या नावाने लिहिणे. तारखा तपासा, विसरलेली कामे आठवून द्या. पण वाक्ये त्याचीच राहू द्या. मजकूर आपला स्वतःचा आहे असे अर्जदार प्रमाणित करतो, आणि मुलाखतीत त्याच वाक्यांवर त्याला बोलायचे असते.

टाळावे: एकच मजकूर सगळीकडे चिकटवणे. डीओ (ऑस्टिओपॅथिक) कॉलेजांसाठीच्या आकोमास या अर्जात एका नोंदीला ६०० अक्षरे असतात आणि टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजांचा अर्जच वेगळा असतो. ठळक, तिरपी अक्षरे वापरू नयेत. साध्या मजकुरातच लिहावे.

ॲमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि महिनाअखेरीस सादर करता येऊ लागतो. एकदा सादर केला की नोंदींचा मजकूर बदलता येत नाही. म्हणून त्याआधी सगळ्या नोंदी कागदावर छापून, ज्याने तुम्हाला काम करताना पाहिले आहे अशा एका माणसाला वाचायला द्या.